ईको कुणाच्या कानात, कुणाच्या फाइलमध्ये: रीपरमध्ये इफेक्ट प्लग-इनचं राउटिंग

घरच्या रेकॉर्डिंगला आलेला गायक हेडफोन चढवला की बहुधा पहिलं हेच मागतो: "जरा ईको द्या ना." मागणी रास्त आहे. कोरड्या आवाजात गळा मोकळा होत नाही, लांबवलेला सूर बोडका वाटतो आणि गायक नकळत जोर लावायला लागतो. मग आपण त्याच्या ट्रॅकवर एक रिव्हर्ब (खोलीत घुमल्यासारखा आवाज देणारा इफेक्ट, गायक यालाच ईको म्हणतो) टाकून देतो आणि पुढच्या कामाला लागतो. प्रश्न नंतर उभे राहतात. हा रिव्हर्ब फक्त गायकाच्या कानापुरता होता, की फाइलमध्ये कायमचा जायला हवा होता? उद्या मिक्स करताना तो कमी करता येईल का? गायकाला आपलाच आवाज उशिरा ऐकू येत होता, तो कशामुळे?

कोणता प्लग-इन (इफेक्ट देणारा जोड-प्रोग्रॅम) चांगला यावर लोक रात्र-रात्र वाद घालतात. माझ्या मते तो प्रश्न दुय्यम आहे. तो सिग्नलच्या वाटेवर कुठे बसवला, यावर निम्म्याहून जास्त निकाल ठरतो. म्हणून या लेखात प्लग-इनची यादी कमी आणि वाटांची चर्चा जास्त आहे.

उदाहरण एकच घेऊ. अभंगाचं घरगुती रेकॉर्डिंग: एक गायक, पेटी, तबला-डग्ग्याला दोन माइक, टाळ, आणि मोबाइलच्या ॲपवरचा तानपुरा. रेकॉर्डिंग आणि मिक्सिंगचं सॉफ्टवेअर रीपर. रीपर यासाठी की ६० दिवस ते पूर्ण क्षमतेने वापरून बघता येतं, लागणारे बहुतेक इफेक्ट त्याच्यासोबतच येतात, आणि त्यात ऑडिओ ट्रॅक, बस, ऑक्स (इतर ट्रॅकचा आवाज गोळा करणाऱ्या वाटा) असे वेगवेगळे प्रकार नसतात. ट्रॅक म्हणजे ट्रॅक. तुम्ही त्याला जी वाट द्याल तसा तो वागतो. (जुन्या पीसीवर विनॅम्पमध्ये गाणी ऐकलेल्यांसाठी: विनॅम्पवाला जस्टिन फ्रँकेल हाच रीपरचाही कर्ता.)

आधी विलंबाचा हिशेब

आवाज माइकमधून संगणकात जातो, प्लग-इनमधून फिरतो आणि हेडफोनमध्ये परत येतो. या फेरीला लागणारा वेळ म्हणजे लेटन्सी. संगणक आवाजाचे नमुने (सॅम्पल) एकेक करून हाताळत नाही, गठ्ठ्याने हाताळतो. तो गठ्ठा केवढा, हे बफर किंवा ब्लॉक साइज सांगते. गणित सोपं आहे: बफरमधल्या सॅम्पल्सना सॅम्पल रेटने, म्हणजे सेकंदाला किती सॅम्पल त्या आकड्याने, भागा. ४८ किलोहर्ट्झला ६४ सॅम्पल म्हणजे १.३ मिलिसेकंद, १२८ म्हणजे २.७, २५६ म्हणजे ५.३, ५१२ म्हणजे १०.७ आणि १०२४ म्हणजे २१.३. हे एका बाजूचं झालं. आत येताना एक गठ्ठा आणि बाहेर जाताना एक, म्हणून दुप्पट धरा. त्यावर ड्रायव्हर आणि कन्व्हर्टर आपला वाटा घालतात तो वेगळाच.

ध्वनी हवेतून सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे १० मिलिसेकंदांत जवळपास साडेतीन मीटर. तबलजी गायकापासून तेवढ्या अंतरावर बसला तरी बैठक जमतेच. मग हेडफोनमधला तेवढाच उशीर गायकाला का खुपतो? कारण स्वतःचा आवाज त्याला कवटीच्या हाडांतूनही लगेच ऐकू येत असतो. तो आणि उशिरा आलेला हेडफोनमधला आवाज एकमेकांत मिसळले की काही कंपनं कापली जातात आणि आवाज पोकळ, नाकातून आल्यासारखा लागतो. पेटीवाल्याला हा त्रास फारसा होत नाही. तबलजीला वेगळ्या कारणाने होतो: बोट पडलं आणि 'ना' नंतर ऐकू आला, की हात आपोआप ढिला पडतो.

विंडोजवर 'ऑप्शन्स'मधून 'प्रेफरन्सेस' उघडा (कंट्रोल + पी), 'ऑडिओ'खालच्या 'डिव्हाइस'मध्ये जा आणि 'एसिओ' (कमी उशिराची ड्रायव्हर-पद्धत) निवडून आपल्या ऑडिओ इंटरफेसचा (माइक आणि हेडफोन संगणकाला जोडणाऱ्या उपकरणाचा) ड्रायव्हर द्या. ड्रायव्हर इंटरफेस बनवणाऱ्या कंपनीचाच घ्या. तो नसेल तर 'एसिओ फॉर ऑल' आहे. काम भागतं, पण त्याकडून चमत्काराची अपेक्षा नको. मॅकवर कोअर ऑडिओ आधीपासून असतं, वेगळं काही टाकावं लागत नाही. रीपरच्या खिडकीत मेनूच्या ओळीत उजव्या टोकाला सॅम्पल रेट, ब्लॉक आणि आत-बाहेरची लेटन्सी मिलिसेकंदांत दिसते. बफर बदलला की नजर तिथे टाका.

एक गैरसमज इथेच दूर करतो. हेडफोनमध्ये उशिरा ऐकू येणं आणि रेकॉर्डिंग टाइमलाइनवर उशिरा पडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ड्रायव्हरने सांगितलेली लेटन्सी वजा करून रीपर टेक (एका वेळी केलेलं रेकॉर्डिंग) जागच्या जागी मांडतो. टेक सतत मागे पडत असेल, तर ड्रायव्हर चुकीचा आकडा सांगतो आहे असं समजा आणि 'ऑडिओ'खालच्या 'रेकॉर्डिंग'च्या पानावर हाताने दुरुस्ती भरा.

इफेक्ट बसवायच्या तीन जागा

रीपरमध्ये इफेक्ट तीन ठिकाणी लागतो. तिन्हींचा परिणाम कानाला सारखाच वाटतो, म्हणून गोंधळ होतो.

पहिली जागा इनपुट एफएक्स. माइकचा सिग्नल फाइलमध्ये लिहिला जाण्याआधी या साखळीतून जातो, म्हणजे इथे लावलेलं टेकमध्ये कोरलं जातं आणि पुन्हा काढता येत नाही. घरच्या कामात मी इथे काहीही लावत नाही. २४ बिटमध्ये रेकॉर्ड करताना आवाजाची टोकं उणे १८ ते उणे १२ डीबीच्या दरम्यान राहिली की भरपूर मोकळीक असते. आतच दाबून घ्यायची गरज नसते.

दुसरी जागा ट्रॅक एफएक्स, म्हणजे ट्रॅकवरचं नेहमीचं 'एफएक्स' बटण. ट्रॅकचा रेकॉर्ड मोड 'इनपुट' असा असेल (मुळात तो तसाच असतो) तर फाइल कोरडी लिहिली जाते आणि इफेक्ट फक्त ऐकताना लागतो. आज रिव्हर्बसह ऐकलं तरी उद्या तो बदलायला तुम्ही मोकळे. नव्वद टक्के काम इथेच करावं, आणि गायकालाही हे एकदा समजावून सांगावं, नाहीतर "ईको रेकॉर्ड झाला ना?" हा प्रश्न प्रत्येक टेकनंतर येतो.

तिसरी जागा मॉनिटरिंग एफएक्स, 'व्ह्यू' मेनूत सापडते. ती मास्टरच्याही (सगळे ट्रॅक जिथे एकत्र येतात त्या ट्रॅकच्या) पुढे, थेट साउंड कार्डाकडे जाताना लागते, आणि रेंडर केलेल्या, म्हणजे शेवटी तयार होणाऱ्या, फाइलमध्ये कधीच जात नाही. तुमच्या खोलीसाठीचा किंवा हेडफोनसाठीचा सुधारणा-ईक्यू (ईक्यू म्हणजे जाड-बारीक कंपनं कमी-जास्त करणारा इफेक्ट), लेव्हल बघायचा ॲनलायझर, अशा गोष्टी इथे ठेवाव्यात. हाच सुधारणा-ईक्यू मास्टरवर लावला तर तो गाण्यासोबत सगळ्यांच्या घरी जाईल.

गायकाला रिव्हर्ब द्यायचा, पण उशीर नको

बफर ६४ वर आणला की जुना लॅपटॉप कडकड करायला लागतो. ५१२ वर ठेवला तर गायक वैतागतो. यातून सुटायची एक पद्धत आहे आणि ती फार कमी जण वापरतात: कोरडा आवाज इंटरफेसकडून घ्यायचा, ओला (रिव्हर्बचा) फक्त संगणकाकडून.

बहुतेक इंटरफेसवर 'डायरेक्ट मॉनिटर' नावाचं बटण किंवा नॉब असतो. तो चालू केला की माइकचा आवाज संगणकात न शिरता सरळ हेडफोनमध्ये येतो, उशीर जवळपास शून्य. अडचण एवढीच की त्यावर रिव्हर्ब नसतो, आणि रीपरमधलं मॉनिटरिंगही चालू राहिलं तर एकच आवाज दोनदा ऐकू येऊन डब्यातून आल्यासारखा लागतो. म्हणून असं करा:

१. 'गायन' नावाचा ट्रॅक घ्या, माइकचा मोनो इनपुट द्या, रेकॉर्डसाठी आर्म (सज्ज) करा आणि त्याचं रेकॉर्ड मॉनिटरिंग बंद ठेवा. हा फक्त लिहून घेणारा ट्रॅक.

२. दुसरा ट्रॅक घ्या, नाव 'गायन-कान'. तोच इनपुट, तोही आर्म, मॉनिटरिंग मात्र चालू. आर्मच्या बटणावर उजवी क्लिक करून रेकॉर्ड मोड 'डिसेबल', म्हणजे नुसतं इनपुट मॉनिटरिंग, असा ठेवा. याची फाइल बनणार नाही.

३. 'गायन-कान'चं 'रूट' बटण दाबा आणि 'मास्टर सेंड'ची खूण काढा. आता याचा कोरडा आवाज कुठेच जात नाही.

४. तिसरा ट्रॅक 'रिव्हर्ब-कान'. त्यावर रियाव्हर्बेट टाका. 'ड्राय' पूर्ण खाली, 'वेट' शून्य डीबीला, 'इनिशियल डिले' शून्य.

५. 'गायन-कान'चं 'रूट' बटण माउसने धरून 'रिव्हर्ब-कान'वर नेऊन सोडा. सेंड, म्हणजे एका ट्रॅकचा आवाज दुसऱ्याकडे नेणारी वाट, तयार झाला.

६. इंटरफेसवरचा डायरेक्ट मॉनिटर चालू करा.

आता गायकाला स्वतःचा आवाज तत्काळ आणि त्यामागून रिव्हर्ब ऐकू येतो. बफर ५१२ असला तर रिव्हर्ब वीस-पंचवीस मिलिसेकंद उशिरा येईल, पण रिव्हर्बला उशीर झाला तर बिघडत नाही. मिक्स करतानाही आपण तेवढा प्री-डिले (रिव्हर्ब सुरू होण्याआधीचा उशीर) मुद्दाम देतोच. टेक ऐकवताना 'गायन-कान' डिसआर्म करा, नाहीतर गायकाचं खोकणं-बोलणंही रिव्हर्बमधून ऐकू येत राहतं.

तानपुऱ्याचंही असंच. मोबाइलमधून तो इंटरफेसच्या लाइन इनपुटला घ्या. इंटरफेसला चार आउटपुट असतील आणि हेडफोन तिसऱ्या-चौथ्यावर असेल, तर तानपुऱ्याच्या ट्रॅकचा मास्टर सेंड काढून 'ॲड न्यू हार्डवेअर आउटपुट'मधून ३/४ निवडा. तो फक्त गायकाच्या कानात वाजेल, स्पीकरवर नाही. बाकीच्या ट्रॅकचं गायकासाठीचं वेगळं मिश्रण हवं असेल तर एक 'हेडफोन' ट्रॅक करून प्रत्येकाचा सेंड तिकडे द्या आणि तो सेंड 'प्री-फेडर' (ट्रॅकच्या आवाजाच्या सरकत्या बटणाआधी निघणारा) ठेवा. म्हणजे तुम्ही स्पीकरवर पेटी कमी केलीत तरी गायकाची पेटी कमी होत नाही. दोनच आउटपुटचा इंटरफेस असेल तर हा भाग सोडून द्या.

मिक्सची साखळी: काय ट्रॅकवर, काय सेंडवर

ढोबळ नियम असा: जे आवाजाचा आकार बदलतं ते ट्रॅकवरच, जे आवाजाभोवती जागा तयार करतं ते सेंडवर. ईक्यू, कॉम्प्रेसर (मोठा आवाज दाबणारा), डी-एसर ('स', 'श'ची सळसळ कमी करणारा) ट्रॅकवर. रिव्हर्ब, डिले सेंडवर. प्रत्येक ट्रॅकवर स्वतंत्र रिव्हर्ब टाकला तर प्रोसेसर दमतोच, शिवाय गायक एका देवळात, पेटी दुसऱ्या हॉलमध्ये आणि टाळ तिसऱ्याच खोलीत ऐकू येतात.

गायनाच्या ट्रॅकवर क्रम साधा ठेवा. आधी रियाईक्यूचा हाय-पास (खालची कंपनं कापणारा फिल्टर), ८० ते १०० हर्ट्झच्या आसपास, पंख्याची घरघर आणि सतरंजीवरून आलेली धडधड काढण्यापुरता. मग रियाकॉम्प, रेशो (दाबण्याचं प्रमाण) ३:१, टिपेला तीन-चार डीबी दबेल इतकाच. मग लागला तर चमकीचा ईक्यू. साफसफाई कॉम्प्रेसरच्या आधी हवी, नाहीतर पायाच्या धक्क्यालाही कॉम्प्रेसर गायकाचा आवाज दाबतो. डग्ग्यावर मात्र असा हाय-पास डोळे झाकून लावू नका. घिस्सा आणि मींड तिथेच राहतात.

गायक स्वतःच पेटी वाजवत असेल, आणि आपल्याकडे बहुधा तसंच असतं, तर एक गोष्ट आधीच ध्यानात घ्या. गायनाच्या माइकमध्ये पेटी शिरलेली असतेच. तो ट्रॅक रिव्हर्बला पाठवला की पेटीही गेली. वर पेटीचा माइकही त्याच रिव्हर्बला पाठवला तर पेटी दुप्पट ओली होते आणि शब्द मागे ढकलले जातात. पेटीचा सेंड शून्यापासून सुरू करा, बहुतेक वेळा तो वाढवावाच लागत नाही. अशा ट्रॅकवर गेट (हळू आवाज बंद करणारा इफेक्ट) लावून पेटी निघत नाही. आणि रियाट्यूनसारखा सूर सुधारणारा प्लग-इन लावला तर तो पेटीच्या स्वरांनाही ओढतो. सूर हलला असेल तर पुन्हा गाऊन घेणं स्वस्त पडतं.

आता मुख्य रिव्हर्बचा ट्रॅक. 'रिव्हर्ब-मोठा' असं नाव द्या, पहिला प्लग-इन रियाईक्यू, दुसरा रिव्हर्ब. ईक्यू आधी का? कारण रिव्हर्बमध्ये काय शिरावं हे तोच ठरवतो. ३०० हर्ट्झखालचं कापा, म्हणजे चिखल होत नाही. वरून ७-८ किलोहर्ट्झनंतर उतरतं करा, म्हणजे 'स', 'श', 'च' यांची सळसळ शेपटासारखी मागे राहत नाही. अभंगाच्या शब्दांत हे व्यंजन कमी नसतात. टाळांची किणकिण त्यात मिसळली की वरचा सगळा भाग फेसाळतो. टाळांचा सेंड म्हणूनच अगदी जपून.

रियाव्हर्बेट कामचलाऊ आहे, लांब शेपटाला थोडा धातूसारखा लागतो. त्याऐवजी मुक्त-स्रोत ड्रॅगनफ्लाय रिव्हर्ब घ्या, किंवा स्वप्नाळू लांबण हवी असेल तर वल्हालाचा फुकट मिळणारा सुपरमॅसिव्ह. कोणताही घेतला तरी सेंडवर असताना कोरडा आवाज शून्य, ओला पूर्ण. हे राहिलं तर सेंड वाढवला की रिव्हर्बसोबत मूळ आवाजही वाढतो आणि फेडरचा अंदाजच लागत नाही. सेंड 'पोस्ट-फेडर' ठेवा, म्हणजे गायन कमी केलं की त्याचा रिव्हर्बही कमी होतो.

तबला: दोन माइक, एक फोल्डर

दायाँ आणि डग्गा असे दोन ट्रॅक एका 'तबला' फोल्डर ट्रॅकखाली घ्या. आतल्या दोन्ही ट्रॅकचा आवाज आपोआप फोल्डरमधून जातो, वेगळा सेंड लागत नाही. पण कॉम्प्रेसर लावायच्या आधी दोन्ही एकत्र ऐका आणि एका ट्रॅकचं फेज (ध्वनिलहरीची वर-खाली दिशा) उलटवायचं बटण दाबून पाहा. ज्या स्थितीत डग्गा भरदार लागतो ती ठेवा. दोन माइकचं अंतर वेगळं असल्याने खालची कंपनं एकमेकांना खातात, आणि अशा वेळी ईक्यूने कितीही बास वाढवला तरी डग्गा पोकळच राहतो.

कॉम्प्रेसर फोल्डरवर लावा, म्हणजे दोन्ही एकत्र दबतात आणि तोल बिघडत नाही. ॲटॅक (कॉम्प्रेसरला दाबायला लागणारा वेळ) २० ते ३० मिलिसेकंद, म्हणजे किनारीच्या 'ना'ची धार कॉम्प्रेसर जागा होण्याआधीच निघून जाते. ॲटॅक १-२ मिलिसेकंदांवर आणून ऐका: बोल बोथट होतात, चाट गादीवर पडल्यासारखी लागते. तबल्याचा रिव्हर्ब वेगळा आणि लहान, सेकंदापेक्षा कमी. गायनाचा लांब रिव्हर्ब तबल्याला दिला की दुगुन-चौगुनीत बोल एकमेकांवर चढतात.

शब्द स्पष्ट, शेपूट लांब: साइडचेन

गायक गात असताना रिव्हर्ब थोडा मागे सरावा आणि ओळ संपली की फुलावा, असं हवं असेल तर रिव्हर्बलाच गायनाकडून दाबून घ्यायचं. यालाच साइडचेन म्हणतात. रीपरमध्ये हे असं:

'गायन'मधून 'रिव्हर्ब-मोठा'ला एक सेंड आहेच, १/२ ते १/२. त्याच ट्रॅकला आणखी एक सेंड जोडा, पण त्याचं गंतव्य ३/४ निवडा. रिव्हर्बच्या ट्रॅकला आता चार चॅनेल झाले: १/२ वर रिव्हर्ब होणारा आवाज, ३/४ वर नुसता इशारा देणारा कोरडा आवाज. रिव्हर्बच्या *नंतर* रियाकॉम्प टाका आणि 'डिटेक्टर इनपुट'मध्ये 'ऑक्झिलरी इनपुट' निवडा. रेशो ३:१, ॲटॅक ५ ते १० मिलिसेकंद, रिलीज (दाब सोडायला लागणारा वेळ) २५० ते ४००. थ्रेशोल्ड (ज्या पातळीनंतर दाबणं सुरू होतं ती) खाली आणत जा. गाताना रिव्हर्ब चार-पाच डीबी दबला की थांबा. दुसऱ्या कंपनीचा कॉम्प्रेसर वापरत असाल तर प्लग-इनच्या खिडकीत वर उजवीकडे इनपुट-आउटपुटचं छोटं बटण असतं. तिथल्या जाळीत साइडचेनचे इनपुट ३ आणि ४ ला जोडलेत का, ते बघा. साइडचेन "चालत नाही" म्हणून डोकं धरून बसलेल्यांचं घोडं बहुधा तिथेच अडलेलं असतं.

रिलीज फार कमी ठेवला तर दोन शब्दांमध्येही रिव्हर्ब उसळी मारतो. तबल्याच्या लयीशी त्याचा मेळ कानाने घाला, आकड्याने नाही.

तानेत कमी, शेवटच्या शब्दाला जास्त

संथ आलापीला जो रिव्हर्ब शोभतो तो द्रुत तानेत सगळे स्वर एकमेकांत कालवतो. त्यासाठी रिव्हर्बची सेटिंग बदलायची नाही, सेंड कमी-जास्त करायचा. ट्रॅकच्या एन्व्हलप (वेळेनुसार बदलणाऱ्या सेटिंगची रेषा) यादीत प्रत्येक सेंडचा व्हॉल्यूम वेगळा दिसतो. तो उघडा आणि तानेपुरता तीन-चार डीबी उतरवा. रिव्हर्बच्या ट्रॅकचा फेडर ओढलात तर आधीच्या ओळीची शेपूटही मधेच कापल्यासारखी होते. सेंड ओढलात तर मागची शेपूट आपली आपण विरते, फक्त नवा आवाज आत कमी जातो.

डिलेलाही हीच युक्ती. ध्रुवपदाच्या शेवटच्या शब्दालाच मागून पडसाद यावा असं वाटत असेल, तर रियाडिलेचा वेगळा ट्रॅक करा, सेंड पूर्ण बंद ठेवा आणि त्या एका शब्दापुरता उघडा. वेळ काढायचं सूत्र: ६०,००० भागिले बीपीएम (मिनिटाला किती मात्रा). ८० च्या लयीला एक मात्रा ७५० मिलिसेकंद, अर्धी ३७५. पण गाणं क्लिकशिवाय वाजवलं असेल, आणि भजनी ठेका पुढे-पुढे चढत जातोच, तर प्रोजेक्टच्या बीपीएमशी बांधलेला डिले दुसऱ्या अंतऱ्यापर्यंत लयीच्या बाहेर गेलेला असतो. तिथे मिलिसेकंदांतच वेळ द्या आणि हवी तशी बदलत न्या. डिलेचा आवाज पुढे 'रिव्हर्ब-मोठा'ला थोडा पाठवला तर पडसाद उघडा पडत नाही. उलट दिशेनेही सेंड जोडायला गेलात तर रीपर तो देणार नाही: फीडबॅकची फेरी मुळात बंद असते. ती प्रोजेक्ट सेटिंग्जच्या 'ॲडव्हान्स्ड'मध्ये उघडता येते, पण स्पीकर चालू असताना प्रयोग करू नका.

कडकड झाली तर

रीपर आधी रेकॉर्ड झालेले ट्रॅक थोडे पुढचे आधीच मोजून ठेवतो. जो ट्रॅक आर्म करून मॉनिटर करता, त्याला मात्र ही सवलत नाही. तिथे प्रत्येक बफर त्या क्षणी पुरा व्हावा लागतो. म्हणून तीस प्लग-इनचं मिक्स सुरळीत वाजतं आणि एक माइक आर्म केला की कडकड सुरू होते. परफॉर्मन्स मीटर (कंट्रोल + ऑल्ट + पी) उघडा. एकूण सीपीयूपेक्षा 'आरटी सीपीयू'चा (त्या क्षणीच करावं लागणाऱ्या कामाचा) आकडा पाहा, तोच खरी परिस्थिती सांगतो. कोणता ट्रॅक किती खातो हेही तिथे दिसतं.

जड ट्रॅक 'फ्रीझ' करा, म्हणजे इफेक्टसकट तात्पुरता फाइलमध्ये बदला. परत उघडता येतो. रेकॉर्डिंगपुरता बफर कमी, मिक्सला १०२४ पर्यंत खुशाल वाढवा. लॅपटॉप चार्जरवर ठेवा, पॉवर प्लॅन बॅटरी-बचतीचा नको.

बफर ६४ असूनही उशीर ऐकू येत असेल तर गुन्हेगार बहुधा एखादा प्लग-इन असतो. लिनियर फेज ईक्यू, पुढचं बघून दाबणारा लिमिटर, गोंगाट काढणारे प्लग-इन, या सगळ्यांना काम करायला पुढचा आवाज हातात लागतो, म्हणजे ते थांबतात. इफेक्टच्या खिडकीत तळाशी किती सॅम्पलचा उशीर होतो ते दिसतं. ४८ किलोहर्ट्झला ४८०० म्हणजे सरळ शंभर मिलिसेकंद. प्लेबॅकमध्ये रीपर बाकीचे ट्रॅक तेवढेच मागे सरकवून जुळवून घेतो, त्यामुळे कळत नाही. थेट गाणाऱ्याला मात्र तो भोगावाच लागतो. आणि असा प्लग-इन गायकाच्या ट्रॅकवर नसून मास्टरवर बसलेला असेल तरी परिणाम तोच. रेकॉर्डिंगच्या वेळी मास्टर रिकामा ठेवा.

दुसरं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांनी नुसती नावं बदलून घ्यावीत: एबलटनमध्ये रिटर्न ट्रॅक, क्युबेसमध्ये एफएक्स चॅनेल, लॉजिक आणि प्रो टूल्समध्ये बस आणि ऑक्स. लॉजिकमध्ये 'लो लेटन्सी मोड' आणि क्युबेसमध्ये 'कन्स्ट्रेन डिले कॉम्पेन्सेशन' अशी बटणं आहेत, ती रेकॉर्डिंगपुरता उशीर करणारे प्लग-इन बाजूला ठेवतात. प्लग-इन उतरवताना प्रकार तपासा: प्रो टूल्सला एएएक्स, लॉजिकला ऑडिओ युनिट्स लागतात. रीपर व्हीएसटी आणि क्लॅप दोन्ही घेतो.

रेंडरच्या आधी

'गायन-कान' आणि 'रिव्हर्ब-कान' म्यूट करा. मॉनिटरिंग एफएक्समध्ये काही आहे का ते पाहा: ते फाइलमध्ये जाणार नाही, त्यामुळे तिथला ईक्यू चालू ठेवून मिक्सचा तोल ठरवला असेल तर तो बंद करूनही एकदा ऐकून घ्या. रेंडरच्या खिडकीत 'टेल'ची खूण करा आणि रिव्हर्बच्या लांबीप्रमाणे चार-पाच हजार मिलिसेकंद द्या, नाहीतर शेवटच्या टाळीनंतरचा रिव्हर्ब निवडलेल्या हद्दीवर कापला जातो. तयार फाइल रीपरच्या बाहेर, मोबाइलवर आणि साध्या इयरफोनवर, शेवटच्या दहा सेकंदांसकट ऐका.